आठ बुशांची मोहीम

श्री चतुश्चक्रदेवता प्रसन्न, पांचवें चाक डिकींत सुखरूप. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, श्रावणमासापासून विजयादशमीपावेतों सरकारांच्या चित्तास घडीभर स्वास्थ्य नव्हतें, त्याचें कारण काय आणि शेवट कैसा जाहला, तो मजकूर सेवकानें पाहिला तैसा लिहिला आहे, वाचणारांनीं सांभाळून घ्यावें.

राज्य म्हणावें तर पूर्वेस ओढा, पश्चिमेस पेट्रोलपंप, दक्षिणेस शाळा आणि उत्तरेस सीमेचा दगड, ऐसें आटोपशीर. सरकारांचे तीर्थरूप थोरले आबासाहेब, वय अठ्ठ्याऐंशी, हे पूर्वीं दर दसऱ्यास आपली विलायती मोटार स्वतः हांकून त्या दगडापलीकडे जात, आपट्याचें सोनें घेत आणि परत येत. बावीस वर्षांमागें मोटार पुढून खालीं बसली ती उठली नाहीं, आणि आबासाहेबही अंगणाबाहेर गेले नाहींत. यंदा वैद्यबुवांनीं सरकारांस बाजूस घेऊन सांगितलें कीं, "थोरल्यांच्या मनांत जें असेल तें याच दसऱ्यास करा. पुढच्याचं मला विचारूं नका." मनांत एकच होतें. सरकारांनीं जीप पुढें केली, तों आबासाहेब वदले, "जीपमध्यें बसून सीमा ओलांडायची म्हणजे पळून जाणं झालं, बाळ. माझी मोटार लाव."

मग सरकारांनीं जब्बार मिस्त्रीस पाचारण केलें आणि मिस्त्रीनें आठ दिवसांत इंजिन बोलतें केलें, आणि पुढचा भाग उकलून मोटार विटांवर चढविली, आणि ओंजळभर काळा भुगा घेऊन सरकारांसमोर उभा राहिला. "सरकार, इंजिन वाघ आहे. पण बुश गेले. आठच्या आठ." बुश म्हणजे काय, तर रबराची जाडजूड बांगडी, चाकाचे दांडे सांगाड्यास जेथें मिळतात तेथें ती बसते, रस्त्याचा गचका आपण खाते आणि वर बसलेल्यास कळूं देत नाहीं. ऐसें काम करणारें दरबारांत दुसरें कोणी नव्हतें.

तेव्हां चारी दिशांस व्हॉट्सअ‍ॅपवर खलिते सुटले आणि उत्तरेंही आलीं. एकानें एकाच बुशाचे आठ बाजूंनीं फोटो पाठविले आणि मग फोन उचलणें सोडलें. विलायतेहून आलें कीं तो कारखाना सरकारांच्या मुंजीपूर्वींच उठला. मग सरकार स्वतः भंगारपेठेवर चालून गेले, तेथील व्यापारी "आहे, आहे" म्हणत आंत शिरला आणि भलतेंच काहीं घेऊन आला. "हें तें नव्हे," सरकार म्हणाले. "तेंच आहे साहेब," व्यापारी म्हणाला, "फक्त दुसऱ्या गाडीचं आहे." सरकार रिकाम्या हातीं परतले आणि त्या दिवसापासून उभ्यानें जेवूं लागले, आणि जेवतां जेवतां चालूं लागले, आणि वाढणारांस मागें मागें फिरावें लागूं लागलें.

इतक्यांत सरदार हैबतराव वाकडे यांस बातमी लागली कीं, सात कोसांवर झेलूबाई नांवाच्या बाईच्या परसांत तैशीच मोटार पडली आहे आणि तिच्या कैलासवासी धन्यानें जादा सामान डब्यांत घालून डिकींत ठेविलें आहे. सरदार चार स्वारांनिशीं दोन मोटारसायकलींवरून गेले. तो दिवस भाद्रपद शुद्ध सप्तमीचा. बाईनें डिकी उघडून दाविली. डब्यावर पेंढा, पेंढ्यावर कोंबडी.

"बाई, आम्ही सरकारची माणसं," सरदार बोलिले.

"असाल. कोंबडी आजच बसलीया."

"किती वेळ बसंल?"

"एकवीस दिस."

"जरा उठवून बघूं का?"

"का? तुमच्या मालकिणीला बाळंतपणात उठिवलं व्हतं का कुणी?"

मग सरदारांनीं परसांतच तंबू ठोकिला आणि वेढा घातला. सरकारांचा फोन दिवसांतून नऊ वेळां येई. "बसली आहे?" "बसली आहे, सरकार." "अजून?" "अजून." "मग तुम्ही काय करतां?" "आम्हीही बसलों आहों." मांजर आलें तें सरदारांनीं स्वतः परतविलें. एकविसाव्या दिवशीं अकरांतून नऊ पिलें फुटलीं, बाईनें पेंढा झाडून डबा हातीं दिला, आणि आंत मेणकागदांत गुंडाळलेले आठ बुश निघाले, दाबावे तर दबणारे, सोडावे तर फुगणारे, जैसे कालच कारखान्यांतून आलेले.

सरदार सर्वपित्री अमावास्येस राज्यांत पोहोंचले आणि जब्बार मिस्त्री अस्तन्या सारून म्हणाला, "द्या इकडं. संध्याकाळपर्यंत गाडी चाकांवर." तों राजोपाध्ये धुंडिराजशास्त्री आडवे आले.

"आज अमावास्या, उद्यां घट. लढाईची जी वस्तु नवरात्राच्या तोंडावर येते ती घटापाशीं बसते आणि खंडेनवमीची पूजा घेऊन उठते. हा इथला कुळाचार आहे."

"शास्त्रीबुवा, ही तलवार नाही. रबर आहे."

"तलवार नऊ दिवस दम धरते, मिस्त्री. रबराला काय धाड भरली?"

सरकार उजवीकडे पाहूं लागले, डावीकडे पाहूं लागले आणि अखेर आबासाहेबांच्या पलंगापाशीं गेले. आबासाहेब वदले, "कुळाचार मोडून मला सीमेपार नेऊं नकोस." आठ बुश तांब्याच्या ताटांत घटापाशीं बसले, आणि मिस्त्री बाहेर दांडे घाशीत बसला, आणि सरकार देवघर ते मोटारखाना ऐशा येरझारा घालूं लागले, त्या इतक्या कीं मधल्या गवतांत पायवाट पडली.

खंडेनवमीस दोन प्रहरीं पूजा आटोपली आणि ताट बाहेर आलें. मिस्त्रीनें एक बुश उचलिला, दांड्यास लाविला, काढिला, दुसरा लाविला, काढिला. बुश बटाटेवड्याएवढे फुगले होते आणि बोटाखालीं लिबलिबत होते.

"यांना तेल कुणी पाजलं?" मिस्त्रीनें विचारिलें.

"पाजलं नाही," शास्त्री बोलिले, "अभिषेक केला. रोज पळीभर, तिळाचं."

"रबर तेलानं फुगतं हो, शास्त्रीबुवा! हे आतां बसायचे नाहींत. हे आतां कशांतच बसायचे नाहींत."

शास्त्रीबुवांनीं पंचांग उघडिलें, पण त्यांत याविषयीं काहीं नव्हतें. सरकारांनीं मोटारीस बेचाळीस प्रदक्षिणा घातल्या आणि त्रेचाळिसाव्यास खालीं बसले. उद्यां दसरा, मोटार विटांवर, आंत पलंगावर आबासाहेबांनीं फेटा काढून उशाशीं ठेविलेला. तेव्हां सरदार हैबतराव पुढें आले आणि म्हणाले, "सरकार, मोटार दगडाकडे जात नाहीं. पण दगड चौघांनीं उचलण्याजोगा आहे."

मग विजयादशमीस आबासाहेबांस धरून आणून मोटारीच्या हांकावयाच्या चक्रापाशीं बसविलें आणि सरकार शेजारीं बसले. आबासाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मिस्त्रीनें इंजिन लाविलें, वाघ गुरगुरला, आणि मोटारीच्या उजव्या अंगानें राज्य पुढून मागें सरकूं लागलें. प्रथम केळीच्या कुंड्या गेल्या, मग दोन म्हशी गेल्या, मग सहा जण दात आवळून पानटपरी घेऊन निघाले.

"ही पांडोबाची टपरी ना?" आबासाहेबांनीं विचारिलें.

"होय, आबासाहेब."

"अजून तिथंच आहे?"

"तिथंच आहे," टपरीखालून धापा टाकीत आवाज आला.

मग शाळेची पोरें हात हलवीत गेलीं, आणि वळणावर आबासाहेबांनीं चक्र फिरविलें, आणि टपरीवाल्यांनीं तें ओळखून मागील बाजूस वळण घेतलें. अखेर सीमेचा दगड आला, चौघांच्या खांद्यांवरून, शेंदूर लावलेला, आणि मागें गेला. आबासाहेबांनीं हॉर्न वाजविला. खिडकींतून कोणी आपट्याची डहाळी दिली, ती त्यांनीं मांडीवर ठेविली.

"गचका म्हणून लागला नाहीं रे," आबासाहेब म्हणाले. "असे बुश माझ्या वेळींही नव्हते. कुठून आणलेस?"

"लांबून आणले, आबासाहेब."

"उत्तम आणलेस. मग थांबायचं कशाला? जाऊं अजून पुढें."

सरकारांनीं मागें वळून पाहिलें. टपरी नुकतीच खालीं ठेविली होती, आणि चौघे दगडावरच बसून घाम पुशीत होते. हैबतराव उठले, कमरेचा शेला आवळिला आणि पहिली कुंडी उचलिली.

येणेंप्रमाणें दिवस मावळेपावेतों जाहलें. मोटार जागीं, आबासाहेब सीमेपार अकरा कोस, राज्य दमलेलें.