सक्करदऱ्याचा कप्तान

आमच्या गल्लीतले नथ्थूजी रोज सकाळी स्कूटरला किक मारायचे, एक लांबलचक हॉर्न द्यायचे आणि कोपऱ्यावर गाडी हळू करून ओरडायचे, "जहाज सुटून राहिलं. कोणी चढणार आहे काय?" कोणी चढत नसे. मग जहाज तर्री-पोह्याच्या ठेल्यापर्यंत जायचं आणि ओठाला तेलाचा लाल काठ लावून परत यायचं. नवीन भाडेकरू पहिल्या दिवशी दचकून बाल्कनीत येत, दुसऱ्या दिवशी हसत आणि पुढे त्या हॉर्नवर कुकर चढवत.

आता तुम्ही म्हणाल, नागपुरात जहाज कुठलं? बरोबर आहे. इथून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र सारखाच लांब. नथ्थूजी तर बडनेऱ्याच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. पाण्याशी त्यांचा संबंध एकदाच आला. सक्करदऱ्याच्या तलावात पायडलच्या बोटीत बसले आणि काठाला लागेपर्यंत सकाळचे पोहे तलावाला वाहून मोकळे झाले. तरी डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीवर जरीचा नांगर. सारा मोहल्ला त्यांना कप्तान म्हणतो. ते रागावत नाहीत, उलट सलाम ठोकतात.

त्यांची सारी नोकरी गांधीबागेत, कापडाच्या दुकानात. सकाळी गादीवर मांडी घालून बसायचं आणि दुकान बंद होईपर्यंत थान उलगडायचे, पुन्हा गुंडाळायचे. त्या कामानं त्यांच्या मानेला एक कायमचा बाक आला आणि नजरेला एक विचित्र खोड लागली. त्यांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही. कपडा राहतो. माझ्याच अंगावर नवीन साडी असली की शेजारून परक्यासारखे निघून जायचे, आणि जुनी असली की लांबूनच, "काय म्हणता वहिनी."

एकदा मी आमच्या ह्यांचा जुना चौकड्याचा शर्ट चौकीदाराला दिला. नथ्थूजी त्या चौकीदारापाशी उभे राहून पाण्याच्या टाकीबद्दल अर्धा तास बोलले, त्याला साहेब साहेब म्हणाले आणि वर घरी चहाला येतो म्हणून सांगून गेले. चौकीदार बिचारा सगळ्याला हो म्हणाला. मी जाब विचारला तर मलाच शिकवतात, "वहिनी, चेहरा रोज बदलते. पोत नाही बदलत."

अशा माणसानं नाटक लिहावं, आणि तेही माणसांच्या अदलाबदलीवर, याला काय म्हणायचं? पण लिहिलं. 'संगीत दोन कप्तान' त्याचं नाव. संक्रांत झाली की आमच्या कॉलनीचं संमेलन भरतं आणि दरवर्षी हेच नाटक होतं. दुसरं बसवू म्हणणाऱ्याला नथ्थूजी विचारतात, "काहून? याच्या कपड्यात काही खोट आहे काय?"

गोष्ट सोपी आहे. एक मोठं जहाज विलायतेहून मुंबईला निघालेलं. त्यावर संत्र्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा विनातिकीट चढतो, कारण त्याची आवडती मुलगी त्याच जहाजावर आहे. पकडला जाऊ नये म्हणून तो कप्तानाचा जादाचा पोशाख चढवतो. सगळे त्यालाच कप्तान समजतात, आणि खरा कप्तान खानसामा ठरतो आणि गाणी म्हणत कांदे चिरतो. मुलीची विधवा मावशी मात्र या खऱ्या कप्तानाचं गाणं खोलीच्या दाराआडून ऐकते आणि दाराआडूनच उत्तर देते. शेवटी सारा घोटाळा उलगडतो, तरुणांचं लग्न लागतं, मुंबईचं बंदर येतं. मावशी म्हणते, "कप्तान, बंदर आलं. मी उतरते." कप्तान म्हणतो, "सुखरूप जा." सलाम करतो, आणि पडदा.

मी या नाटकाची प्रॉम्प्टर. तोंडाची फाटकी म्हणून माझी ख्याती आहे, पण विंगेत माझ्याइतकं दबक्या आवाजात कोणी बोलू शकत नाही. मी एकदा नथ्थूजींना स्पष्ट विचारलं होतं, "भाऊजी, सगळ्यांच्या जोड्या लावता, कप्तानाचंच घोडं काहून अडवता?" ते थानाची घडी घालत म्हणाले, "जहाजवाल्याले घर नसते वहिनी." स्वतः अविवाहित माणूस. मी विषय सोडला.

खरा कप्तान अर्थात नथ्थूजी. खोटा कप्तान आमचा मेडिकलवाला सुभाष. वय पन्नाशीच्या घरात, पण दरवर्षी पंचविशीतला प्रेमिक होतो. दोघांचे पोशाख नथ्थूजींनी एकाच थानातून कापून आणले, मिशाही सारख्याच चिकटवल्या, त्यामुळे प्रेक्षकच काय, कधीकधी नाटकातली मुलगीसुद्धा चुकते. आणि मावशी म्हणजे गाण्याच्या इंदूबाई. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, पतीला जाऊन बरीच वर्षं झालेली, कोपऱ्यावरच्या घरात एकट्या राहायच्या. त्यांचा आवाज अजूनही असा की दाराआडून आला तरी मागच्या रांगेतली पोट्टी दाणे खायची थांबतात.

यंदा मात्र सगळ्याला गालबोट लागलं. इंदूबाई मागच्या दिवाळीत मोरीत पाय घसरून पडल्या. हाड शाबूत राहिलं, पण पुण्याचा मुलगा घाबरला. अभय वाईट नाही, आईवर जीव आहे त्याचा. "आता एकटं राहायचं नाही," असं ठरवून तो गाडी घेऊन आला. सामान बांधलं, घरावर भाड्याची पाटी लागली. नाटक झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. बाईंना जायचं होतं का, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

पण तालमीत नथ्थूजींना "सुखरूप जा" हे वाक्य आठवेना. स्वतः लिहिलेलं, वर्षानुवर्षं म्हटलेलं, आणि मला विंगेतून द्यावं लागे. मी वैतागून म्हटलं, "भाऊजी, दोन शब्द आहेत, पोथी नाही." ते हसले नाहीत, तेव्हा मला थोडं खटकलं.

नाटकाची संध्याकाळ आली. बिछायतवाल्याचे तख्त जोडून जहाज उभं केलं. समुद्र म्हणजे निळ्या पॉपलिनचे लांब थान, दोन बाजूंनी भजनी मंडळाच्या बाया धरून हलवतात. विंगाही कापडाच्याच, जमिनीपासून वीतभर उंच. इंदूबाई त्या दिवशी आपली जुनी करवतकाठी साडी नेसून आल्या होत्या. शेवटच्या प्रवेशासाठी त्यांनी ती बदलून नाटकातला शालू नेसला, आणि नेमकं त्याच वेळी चहाची अख्खी किटली माझ्या अंगावर उलटली. समुद्र हलवणारीचा धक्का लागला होता, दुसरं काय. बाई म्हणाल्या, "अवं, ओल्यानं काहून बसतेस? माझी रिकामीच पडली आहे, नेस." मी नेसले आणि कापडाच्या विंगेला टेकून उभी राहिले.

विंगेच्या पलीकडे कोणीतरी येऊन थांबलं. खालून पांढऱ्या पँटचे पाय दिसले. मला त्याचे पाय दिसत होते आणि त्याला माझ्या साडीचा काठ, मध्ये अंतरपाटासारखं कापड. पलीकडून नथ्थूजींचा आवाज आला, अगदी हळू.

"बाई, काही बोलू नका. बोलाल तर मी पुढचं विसरीन. ही साडी मीच तुम्हाले दाखवली होती. तुमच्या लग्नाचा बस्ता होता. तुमच्या घरच्या बाया हिरवी घ्यावी का जांभळी घ्यावी म्हणून भांडून राहिल्या होत्या, आणि तुम्ही कोपऱ्यात बसून गुणगुणून राहिल्या होत्या. मी मान वर केली. आख्ख्या जिंदगीत गिऱ्हाइकाचं तोंड तेवढंच पाहिलं. बाकी साऱ्याले मी कपड्यावरून ओळखतो. तुम्ही कोणत्याही कपड्यात या, मी ओळखतो."

आणि हे तो मला सांगत होता. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? हसू घशाशी आलं होतं आणि त्याच्याच मागे रडू. एक शब्द बोलले असते तर तो माणूस जन्मभर मोहल्ल्यात तोंड दाखवू शकला नसता.

"तुम्ही उद्या जाऊन राहिल्या," ते पुढे म्हणाले. "थांबा म्हणायचा मले काही हक नाही. पण रोज सकाळी तुमच्याच फाटकापाशी विचारत होतो, कोणी चढणार आहे काय. एवढं तुम्हाले माहीत असावं."

मी फक्त "हं" म्हटलं. तेही नाकातून.

"बस. झालं माझं," असं म्हणून पांढरे पाय निघून गेले आणि पलीकडे स्टेजवर कप्तानाचं गाणं सुरू झालं.

मी धावत कनातीत गेले. इंदूबाई आरशापुढे मोत्यांची माळ घालत होत्या. मी म्हटलं, "ताई, तुमचं सामान चुकून माझ्या पत्त्यावर आलं," आणि सगळं सांगितलं. प्रॉम्प्टरचं काम केलं, एक शब्द गाळला नाही, पदरचा एक घातला नाही. ऐकताना त्यांच्या माळेचा फासा काही लागेना.

"फाटकापाशी म्हणाले?"

"हो."

"मले वाटायचं, त्यांच्या स्कूटरचे ब्रेक खराब आहेत," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसून स्टेजकडे निघाल्या.

शेवटचा प्रवेश. लग्न लागलं, खोट्या कप्तानाला माफी मिळाली, बंदर आलं. पहिल्या रांगेत अभय घड्याळ बघत होता, सकाळी लवकर निघायचं म्हणून. इंदूबाई पुढे आल्या. "कप्तान, बंदर आलं," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी दात घट्ट मिटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कोणाला वाक्य दिलं नाही. पण आमचे प्रेक्षक कसले, सगळ्यांचं नाटक पाठ. मागून कोणीतरी मदत केली, "मावशी, मी उतरते म्हणा."

"नाही म्हणत," इंदूबाई म्हणाल्या. "मी उतरत नाही."

समुद्र हलवणाऱ्या बायांचे हात थांबले. सवयीनं नथ्थूजींनी विंगेकडे पाहिलं, पण माझ्याकडे पुढचं वाक्य कुठून असणार, त्यांनी ते लिहिलंच नव्हतं. त्यांची नजर माझ्या करवतकाठावर गेली. तिथून माझ्या तोंडावर आली. मग समोरच्या शालूकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. घाम मिशीत उतरला आणि मिशी एका बाजूनं सुटली. मी हात जोडले आणि मानेनं बाईंकडे खूण केली, बोला म्हणून.

नथ्थूजींनी मानेचा बाक काढून टाकला. मी त्यांना ताठ उभं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. टोपी सरळ केली आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असा हुकूम सोडला, "जहाज वळवा."

भजनी मंडळानं समुद्र उलटा हलवायला घेतला. पेटीवाल्यानं मनानंच लग्नाचं गाणं सुरू केलं. लोक उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात, आणि नाटकातल्या लग्नासाठी वाटलेल्या ज्या अक्षता कोणाकोणाच्या मुठीत उरल्या होत्या त्या सगळ्या स्टेजवर आल्या. मीही टाकल्या. विंगेत उभी राहून रडत होते, त्यामुळे बऱ्याचशा पेटीवाल्याच्या डोक्यात गेल्या.

अभय मात्र खुर्चीतच बसून होता. मनगटावरचं घड्याळ काढून त्यानं खिशात टाकलं. मग उठला, स्टेजवर चढला, कप्तानापुढे वाकला आणि म्हणाला, "काका, तिची बीपीची गोळी सकाळी असते. ती विसरते. तुम्ही लक्ष ठेवा."

"मले माहीत आहे," कप्तान म्हणाला, "माझ्याच दुकानातून जाते. पण तुमचा माणूस तो तिकडे आहे."

तो सुभाष होता. सारं मैदान हसलं, अभयही हसला, आणि दुसऱ्या कप्तानाकडे वळून पुन्हा वाकला.

गाडी पुण्याला रिकामीच गेली. भाड्याची पाटी मी माझ्या हातानं काढली. लग्न रजिस्टर झालं. त्याचा बस्ता नथ्थूजींनी जुन्या दुकानात स्वतः गादीवर बसून दाखवला, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडेच पाहत राहिले म्हणून दोन थान उलटे गुंडाळले. माझा चेहराही आता त्यांना ओळखू येतो. मी कोणतीही साडी नेसले तरी लांबूनच लाजतात.

स्कूटर रोज सकाळी निघते. इंदूबाई डबा घेऊन आधीच मागे बसलेल्या असतात. तरी कोपऱ्यावर लांब हॉर्न होतोच आणि नथ्थूजी ओरडतातच, "कोणी चढणार आहे काय?"

मागून उत्तर येतं, "चढली. चला."

मी परवा आमच्या फाटकातून म्हटलं, "भाऊजी, माणूस मागे बसलेलं आहे, आता कोणाले विचारून राहिले?"

ते गाडी थांबवून म्हणाले, "विचारायची सवय आहे वहिनी. उत्तर ऐकायची नाही. ती करून राहिलो."

आणि जहाज ठेल्याकडे गेलं.