साईशचा आवाज बसतो

मनीषा मॅडम नुसतं शिकवत नसत, विचारत असत. आधीचे सर तासभर फळ्याकडे तोंड करून लिहायचे, त्यामुळे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत साईशला वर्गात कोणी काही विचारलंच नव्हतं. मॅडम मात्र थेट बोट दाखवत. "एन्ट्रॉपी म्हणजे काय, तुझ्या शब्दांत सांग." साईशकडे पुस्तकातले शब्द होते, स्वतःचा एकही नव्हता. थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला तो पुढच्याच्या पाठीआड लपून बसायचा.

त्या दिवशी बोट त्याच्यावर आलं. साईश उठला, त्याने घशाला हात लावला आणि मान हलवली.

"आवाज बसला?" मॅडम कळवळल्या. "बस, बस. अजिबात बोलू नकोस."

सुटका एवढी सोपी असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तो मांद्र्याच्या बसमध्ये निवांत बसला होता, तोच शेजारी मॅडमच येऊन बसल्या. त्या डिचोलीच्या, नुकतीच मांद्र्यात खोली घेतली होती. आता घरापर्यंत तोंड उघडायची सोय उरली नाही. कंडक्टरने "खंय?" म्हणून कुठे जायचं ते विचारलं. त्याने समुद्राच्या दिशेने बोट केलं. मांद्र्याऐवजी मोरजीचं तिकीट मिळालं. ते त्याने मुकाट्याने खिशात घातलं.

तुयेला कारखान्यातून सुटलेली, त्याच्या आईची मैत्रीण विनोदिनी मावशी चढली.

"साईश! आवस बरी मां रे?" तिने आईची खुशाली विचारली.

त्याने मान डोलावली.

"तोंड खंय गेला तुझा?"

"आवाज बसलाय त्याचा," मॅडम म्हणाल्या.

"अगो बाय! काल तर बोंबलत होतो! बांगड्याचो काटो अडाकलो आसतलो." मावशीने पिशवीतून उंडो काढला आणि त्या कडक पावाचा भलामोठा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. "चावू नको, गीळ!"

साईशच्या डोळ्यांत पाणी आलं. मागच्या सीटवरच्या माणसाने मदत म्हणून पाठीत दोन गुद्दे घातले. पार्शाला उतरताना मावशी म्हणाली, "घराकडे फोन करतंय. इंजेक्शनच होया तुका!"

साईशने तिला थांबवायला दोन्ही हात हलवले, पण बस सुटली होती. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तू कोणाला सांगू शकणार नाहीस, म्हणून तुला सांगते. मला वर्गात बोलायची फार भीती वाटते रे. सत्तर मुलं टक लावून बघतात, पाय कापतात माझे. तुमच्यातलं कोणी बोललं, तर तेवढाच श्वास घेता येईल, म्हणून प्रश्न विचारते. आणि तुम्ही तर सगळे गप्प!"

"मॅडम, तुम्हीपण?" साईश एवढ्या मोठ्याने ओरडला की ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं.

त्याने चटकन घशावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. मॅडम म्हणाल्या, "मावशीला फोन कर. इंजेक्शन नको म्हणून सांग."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कंडेन्सरबद्दल विचारलं. वर्ग चिडीचूप. मॅडमचा चेहरा उतरत चालला, आणि तो का, हे एकट्या साईशला ठाऊक होतं. तो उभा राहिला आणि सुचेल ते बोलला.

उत्तर साफ चुकलं. इतकं, की गौरेशला राहवेना. "मॅडम, तसं नाय ते!" त्यावर सेजल उठली, "गौरेशचंही चुकलंय!" मग कोण कोणाला खोडून काढतंय तेच कळेना. मॅडम शांतपणे खुर्चीत बसून ऐकत होत्या.

तास संपल्यावर त्या साईशपाशी आल्या. "उद्याही असंच काहीतरी चुकीचं सांगशील ना?"

साईशने हो म्हटलं खरं, पण रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. चुकून बरोबर निघालं तर?