गंगुबाईचं शून्य

कमरेला खोचलेला फोन वाजला तेव्हा गंगुबाई डोक्यावर सुक्या पानांची टोपली घेऊन घराकडे चढणाऱ्या घाटीच्या मधल्या पायरीवर होती.

"आजी, मी अक्षया, रत्नागिरीच्या हॉस्पिटलातून. नवा गुडघा बसवून सहा महिने झाले ना? शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. तुमचं किती?"

"आठ लिव."

"पायऱ्या चढता येतात?"

"कुठल्या ग बाय. उंबरा वलांडायचा म्हटला तरी देव आठवतो," म्हणत गंगुबाई उरलेल्या वीस पायऱ्या चढून अंगणात आली.

ओटीवर सुपाऱ्या सोलत बसलेल्या नवऱ्याने, काशीरामने मान वर केली. "खोटं कशाला सांगतंस गो त्या पोरीला?"

"बरं हाय म्हटलं की बरं रहात नाय. म्हशीचं चार लिटर दूध शेजारच्या जनीला सांगितलं, आठवड्यात म्हस आटली. इसरलात?"

काशीराम विसरला नव्हता. त्याने पुढची सुपारी उचलली.

वाडीतले आणखी पाच गुडघे गंगुबाईचा गुडघा बसवणाऱ्या डॉक्टरांच्याच हातचे, आणि पाचही माणसं त्याच मातीची. कोणी सात सांगितले, कोणी नऊ. शिवाने तर काजूच्या झाडावर बसून फोन घेतला आणि दहा सांगितले.

डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून एक्स-रे काढले. ते कसे, चित्रासारखे. पण बदललेल्या गुडघ्यांची नोंद ठेवणाऱ्या मोठ्या रजिस्टरात डॉक्टरांचं मत चालत नाही; दुखतं की नाही, हे ज्याचा गुडघा त्यानेच सांगायचं. आकडे बघून डॉक्टरांनी सगळे कागद पुन्हा तपासले. माझ्याच हाताचं काही चुकतंय, म्हणाले, आणि कारण सापडेपर्यंत ऑपरेशनं थांबवली.

सोमवारी ऑपरेशनची पाळी होती दमयंतीची, गंगुबाईच्या धाकट्या जावेची. विहिरीवर ती खेकड्यासारखी आडवी आडवी जायची. निरोप आला तरी रडली नाही. दवाखान्यासाठी भरलेली पिशवी उघडून एकेक लुगडं पुन्हा दांडीवर टाकू लागली.

"आक्का, तुमचा येवढा दुखतोय, म्हंजे माझा नाय झाला तेच बरं."

गंगुबाईला त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळच्या एसटीने ती हॉस्पिटलात पोचली. अक्षयाच्या खोलीचं दार लावलं, वाऱ्याने शब्द बाहेर नेऊ नयेत म्हणून पंखा बंद करवला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "शून्य."

"आठवड्यात आठाचं शून्य? कॉम्प्युटर घेत नाही आजी. कारण विचारतोय."

"चल, कारण दाखवते."

गंगुबाई तीन मजले चढली. मागे अक्षया, तिच्या मागे जिन्यात भेटलेले डॉक्टर. वर पोचल्यावर डॉक्टरच कठडा धरून धापा टाकू लागले.

"मग आठ का सांगत होता, आजी?" त्यांनी विचारलं.

"तुमचं काम नजर लागण्यासारखं झालंय म्हणून."

डॉक्टरांनी कठडा सोडला. मग म्हणाले, "दमयंतीबाईंना सोमवारी उपाशीपोटी घेऊन या."

खाली येऊन अक्षयाने शून्य भरलं. गंगुबाईने कनवटीची काजळाची डबी काढली, बोट बुडवलं, कॉम्प्युटरच्या काचेवर, शून्याच्या शेजारी, एक तीट लावली आणि एसटी चुकेल म्हणून निघून गेली.

डॉक्टर रुमाल काढून काच पुसायला पुढे झाले.

"राहू द्या सर," अक्षया म्हणाली. "अजून पाच जणांना फोन करायचेत."