नकाशावरून चालणारे भोईरभाऊ

भोईरभाऊ भाताच्या शेतात मधेच थांबायचे, उजवीकडे बघायचे, डावीकडे बघायचे आणि मग झपझप ढांगा टाकत पलीकडे जायचे. पहिल्यांदा मला वाटलं, साप दिसला.

"साप कसला? बारा मीटरचा रस्ता आहे हा. वर्दळीचा होणार."

रस्ता नव्हता. खेकडे होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बदलापूरला नगररचनेच्या कचेरीत भोईरभाऊ ड्राफ्ट्समन होते आणि मी नवा कारकून. शहराचा विकास आराखडा त्यांच्या टेबलावर तयार होत होता, पण ते आधीच त्यात राहायला गेले होते. स्टेशनबाहेर रिक्षात बसले की म्हणायचे, "भाजी मंडईवरून घे."

"काका, मंडई किधर है? उधर तो तबेला है."

"आज नाही. पण नकाशात आहे."

हे त्यांचं पालुपद. एकदा उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, आम्ही पँटचं कापड घ्यायला गेलो. दुकानाची पायरी रस्त्यात किती पुढे आलीय, ते भाऊ खाली बसून वितीने मोजायला लागले. सिंधी दुकानदाराने हात जोडले. "साईं, नापो मत. चाय पियो." भाऊंनी चहा घेतला आणि मापही घेतलं. कापड राहूनच गेलं.

आराखडा जाहीर झाला आणि हरकती यायला लागल्या. प्रत्येक हरकतीला भाऊंचा चेहरा असा व्हायचा, की जणू कुणी त्यांच्या मुलीला नाक मुरडलंय. मग एक दिवस एक म्हातारी आली. शेतावरून तशीच आली होती, पायाला चिखल.

"सायेब, माझी बाव रस्त्यान जाते," ती म्हणाली. बाव म्हणजे तिची विहीर.

आता भाऊ तिला नकाशा समजावणार, म्हणून मी कान टवकारले. भाऊंनी कोरा कागद घेतला, तिच्या वतीने स्वतःच हरकत लिहिली आणि तिचा अंगठा घेतला. आमच्या कचेरीतल्या साहेबांनी ते अक्षर ओळखलं.

"भोईर, तुम्ही आराखड्याच्या बाजूने की विरुद्ध?"

"साहेब, रस्ता चार हात सरकेल. विहीर कशी सरकणार?"

पुढे सुनावणी झाली आणि रस्ता सरकला. भाऊंनी ती रेघ खोडून नवी मारली, आणि त्या दिवशी डबा न खाताच ते घरी गेले. मला राहवलं नाही. संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेलो. एकटेच राहायचे. भिंतीवर एक मोठा नकाशा होता, आमच्या कचेरीतला नव्हता. पन्नासेक घरं, प्रत्येक घरावर बारीक अक्षरात नाव, पार, देऊळ, गुरांची वाट.

"हे कुठलं हो, भाऊ?"

"आमचं गाव. धरणात गेलं. मी शाळेत होतो तेव्हा." नकाशाकडे बघतच ते म्हणाले, "मोजणीवाले आले होते. आईने त्यांना चहा दिला आणि विचारलं, पाणी कुठवर येईल? एकाने चुलीमागच्या भिंतीवर खडूची रेघ मारली. इथवर, म्हणाला."

"मग?"

"मग काय? आम्ही अजून दोन वर्षं राहिलो तिथे. आई भिंत सारवायची, पण तेवढी रेघ सोडून. सरकारी आहे, पुसली तर गुन्हा होईल म्हणायची." ते हसले. मीही हसायला गेलो, पण मला ते जमलं नाही.

त्यांनी नकाशातल्या एका घरावर बोट ठेवलं. चूल दाखवली, गोठा दाखवला, आईची झोपायची जागा दाखवली. इतर सगळ्या घरांना दारं होती. या एकाच घराला चारही भिंती सलग होत्या.

"दार कुठे?"

"पूर्वेला होतं की उत्तरेला, तेच आठवत नाही रे," भाऊ म्हणाले. "आई होती तोवर विचारायचं सुचलं नाही."