थोरल्या राणीचा घास

लीलाबाई जेवायला बसल्या की त्यांचे यजमान संभाजीराव त्यांना वाईट बातम्या सांगत. चातुर्मासात जेवताना मौन, हा लीलाबाईंचा अकरा वर्षांचा नेम. पहिला घास तोंडात गेला की ताट स्वच्छ करून, उठून चूळ भरेपर्यंत शब्द नाही. त्यामुळे हरणी म्हैस विकल्याचं त्यांना आमटीभात कालवताना कळलं होतं, आणि नणंद महिनाभर राहायला येतेय हे ताकाच्या वेळी. चूळ भरून येईपर्यंत त्यांचा राग अर्धा विरलेला असे आणि संभाजीराव पुरते घराबाहेर पडलेले असत.

असा हा नेम कधी चारचौघांत आडवा येईल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पण त्या वर्षी गणपतीत भवानीनगरच्या महिला मंडळानं नाटक बसवायचं ठरवलं. शाळेतल्या स्वरूपाबाईंना कपाटात एक जुनं पुस्तक सापडलं. पहिली चार पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे नाटकाचं आणि ते लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. गोष्ट मात्र शाबूत होती. थोरली राणी मत्सरापोटी आपलं कंकण धाकटीच्या पेटीत लपवते आणि तिला चोर ठरवते. भर पंगतीत राजा धाकटीला वनवासाची शिक्षा सुनावणार, एवढ्यात थोरली म्हणते, ‘थांबा महाराज, ते कंकण मीच ठेवलं.’ मग धाकटी राणी तिला माफ करते आणि पडदा पडतो.

थोरलीचं काम लीलाबाईंकडे आलं. त्यांना ते पसंत नव्हतं. देवापुढं दिवा लावणाऱ्या बाईनं कपटी राणी व्हायचं, हे त्यांच्या गळी उतरेना.

“काकी, राणी वाईट नाही हो,” स्वरूपा म्हणाली. “तिला सगळं कळतंय. फक्त वेळेवर तोंड उघडत नाही. शेवटी उघडते ना, त्यासाठीच तर हे नाटक आहे.”

धाकटी राणी झाली होती त्यांची सख्खी धाकटी जाऊ, फुलाबाई. तिची शाळा चौथीतच सुटलेली. माफीचं भाषण चांगलं दीड पानाचं. लीलाबाईच तिला एकेक ओळ वाचून दाखवत आणि फुलाबाई धारा काढताना, भाकरी थापताना ती घोकत राही. महिन्याभरात ते भाषण तिच्या तोंडी असं बसलं की तालमीत राजा झालेल्या म्हाळसाबाईंना रडू फुटलं आणि त्यांची मिशी ओघळून हनुवटीवर आली. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. लीलाबाईंनीही वाजवल्या. पण त्यांना आत कुठंतरी बारीकसं टोचलं. त्यांचं तर एकच वाक्य होतं, आणि त्यावर कुणी टाळी वाजवली नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी जपाची एक माळ जास्त ओढली.

फुलाबाईनं कळसहून आपल्या आईला मुद्दाम बोलावून घेतलं. म्हातारीला धड दिसत नव्हतं, पण ऐकू चांगलं येत होतं. “आयं, तू निस्तं ऐक,” फुलाबाईनं तिला फोनवर सांगितलं होतं. “मी लय बोलणार हाय.” आयुष्यात पहिल्यांदाच तिला चार माणसांत बोलायला मिळणार होतं.

बायकांना घरी जाऊन चुली पेटवायच्या असतात म्हणून नाटक दुपारी चारला सुरू झालं. दोन अंक सुरळीत गेले. पंगतीच्या प्रवेशात तालमीला ताटं रिकामी असत आणि लीलाबाई हवेतले घास घेत. पण गणेश मंडळाच्या विजयसिंहांना राजाच्या पंगतीत रिकामी ताटं म्हणजे गावाची बेअब्रू वाटली. त्यांनी कुणाला न सांगता गणपतीला नैवेद्य दाखवून, केळं बेदाणे घातलेला प्रसादाचा शिरा पाचही ताटांत वाढून ठेवला. राण्यांच्या ताटात हात जरा सैलच सोडला.

पडदा वर गेला. लीलाबाई पाटावर बसल्या. समोर तुपानं चमकणारा प्रसाद बघून त्यांचे हात आपोआप जुळले. त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि घास तोंडात घातला.

घास गिळल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

राजा कडाडला, “बोला थोरल्या राणीसाहेब, हे कंकण धाकटीच्या पेटीत कसं आलं?”

लीलाबाईंच्या मनात वकील उभे राहिले. प्रसाद म्हणजे काही जेवण नव्हे, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, पाट आहे, ताट आहे, पाणीही तूच फिरवलंस, मग जेवण नाही तर काय? उठून चूळ भरावी, तर प्रसाद ताटात टाकून उठायचं कसं? उरला एकच मार्ग, ताट लवकर संपवणं. त्यांनी भराभर घास घ्यायला सुरुवात केली.

म्हाळसाबाईंनी प्रश्न दोनदा विचारला. विंगेतून स्वरूपानं वाक्य सांगितलं, आधी हळू, मग तिसऱ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. लीलाबाईंनी तोंडाकडं बोट दाखवलं. प्रधानाला वाटलं ठसका लागला, म्हणून त्यानं पाठीत धपका घातला. समोर फुलाबाई खरंखुरं रडत होती, कारण आपलं भाषण येतंय की नाही हेच तिला कळेना. आणि थोरली राणी शिरा खात होती.

“काय काळजाची बाई हाय,” पुढच्या रांगेतून आवाज आला. “ती रडती आन ही गिळती.”

म्हाळसाबाईंचा मूळचा स्वभाव तापट, त्यात मिशी सुटायला लागलेली. “मग जा वनवासाला,” त्या फुलाबाईवर खेकसल्या. राजाज्ञाच ती. फुलाबाई डोळ्याला पदर लावून निघून गेली. लीलाबाईंनी शेवटचा बेदाणा उचलला आणि तांब्या घेऊन विंगेकडं धावल्या. चूळ भरून, “थांबा महाराज” म्हणत त्या परत आल्या तेव्हा दोरीवरच्या गेणबानं पडदा पाडला होता.

मांडव टाळ्यांनी दणाणला. अध्यक्ष सावळाराम गुरुजी माईकवर म्हणाले, की पूर्वीच्या नाटककारांची छाती मोठी, खोट्याला शेवटी विजयी करून दाखवलं. आणि अवाक्षर न बोलता नुसत्या शिऱ्यावर एवढा अभिनय करणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. लीलाबाईंना पहिलं बक्षीस म्हणून पाच लिटरचा कुकर मिळाला. दोन शब्द बोला म्हणून त्यांच्या हातात माईक दिला. आता तोंड मोकळं होतं. खरं काय ते सांगता आलं असतं, धाकटीचं भाषण ऐका म्हणता आलं असतं. पण टाळ्या थांबत नव्हत्या. “देवाची कृपा,” एवढंच त्या म्हणाल्या.

घरी जाताना फुलाबाईनं कुकर धरला. “आक्का, तुमचा नेम तरी मोडला न्हाय,” ती म्हणाली. “ते महत्त्वाचं.” तिच्या बोलण्यात राग शोधूनही सापडेना, तेव्हा लीलाबाई जास्तच कानकोंड्या झाल्या.

सकाळी फुलाबाईच्या भावाचा, दिग्विजयचा, फोन आला. आई कालपासून पाणीसुद्धा पिईना. मांडवात मागं बसून तिनं सगळं ऐकलं होतं आणि पडदा पडताच लेकीला न भेटता ती दिग्विजयबरोबर कळसला परतली होती. माझ्या लेकीला भरल्या गावात चोर ठरवून घालवली आणि तिची जाऊ पंगतीत खात बसली, एवढंच ती धरून बसली होती.

दोघी वडापच्या जीपनं कळसला गेल्या. म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसलेली. ते नाटक होतं, असं लीलाबाईंनी तिला परोपरीनं समजावलं.

“नाटक व्हय?” म्हातारी म्हणाली. “मग शिरा खोटा हुता का?”

“शिरा खरा होता.”

“माजी लेक रडली त्ये?”

लीलाबाईंनी फुलाबाईकडं पाहिलं. “तेही खरं.”

“आन तू गप बसलीस त्ये?”

यावर नेमाचं उत्तर लीलाबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण गेल्या रात्रभर त्यांनी तेच उत्तर देवापुढं दिलं होतं आणि देवाऱ्यातून काही समाधान आलं नव्हतं. नेम मोडला तर पोथीत त्याला प्रायश्चित्त सांगितलेलं असतं. एक उपवास वाढला असता, दुसरं काय.

“मावशी, नेम होता. पण मोडता आला असता,” त्या हळूच म्हणाल्या. “फुलाला टाळ्या पडतात ते मला बघवत नव्हतं. म्हणून मी तो मोडला नसंल. नक्की मलाच सांगता येत न्हाय. माझं चुकलं.”

म्हातारीनं मान डोलवली. “म्हंजे कंकण तूच ठेवलंस.”

लीलाबाईंना पुन्हा सगळं नाटक समजावून सांगावं असं वाटलं, पण मग त्यांनी तो नाद सोडला.

“व्हय मावशी. मीच ठेवलं.”

म्हातारीनं दिग्विजयला हाक मारून पाणी मागवलं आणि ती तांब्याभर पाणी प्यायली. शेजारणी दारात जमल्या होत्या. संध्याकाळपर्यंत ही बातमी इंदापूरपर्यंत पोचणार होती. मग म्हातारी लेकीकडं वळली.

“ऐकलंस? भवानीनगरची बाई तुज्या दारात येऊन कबूल झाली. आता तू बोल. माफ करतीस हिला?”

शेजारणी उंबऱ्यापर्यंत पुढं सरकल्या. लीलाबाईंनी हात जोडले. मनातल्या मनात त्यांनी पहिली ओळसुद्धा तयार ठेवली, फुलाबाई अडखळली तर सांगायला. दीड पानाचं भाषण, ऐकायला आई, वर सात-आठ शेजारणी. आता तरी ते व्हायला हरकत नव्हती.

फुलाबाईनं घसा साफ केला. थोरल्या जावेकडं नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“बघू,” ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.