बॉयलरची नियमित विचारपूस

एकतीस वर्षं बॉयलर तपासून निवृत्त झालेल्या एका तपासनिसांनी निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या जाहीरनाम्यात एकच वाक्य होतं : 'प्रत्येक कारखान्यातल्या बॉयलरची दरवर्षी सक्तीने तपासणी केली जाईल.' आदल्या वर्षी एका रंगाच्या कारखान्यात बॉयलर फुटून तीन कामगार भाजले होते. त्या बॉयलरची तपासणी सहा वर्षं राहून गेली होती. तपासनिसांनी वरिष्ठांना सहा स्मरणपत्रं धाडली होती आणि सहाही पत्रांची पोच त्यांना वेळेवर मिळाली होती.

प्रचाराची सूत्रं मेहुण्याकडे होती, कारण त्याचा छापखाना होता.

"दाजी, जाहीरनामा झकास आहे," तो म्हणाला. "पण छापायला कागद लागतो, वाटायला माणसं लागतात आणि माणसांना चहा लागतो. म्हणजे पैसे लागतात. आणि पैसे कुणाकडे असतात? ज्यांच्याकडे बॉयलर असतात त्यांच्याकडे."

हा युक्तिवाद बिनतोड होता. दोघे शहरातल्या सर्वांत मोठ्या साबण-कारखानदाराच्या कचेरीत गेले.

तळमजल्यावर 'उमेदवार विभाग' होता. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता अर्ज पुढे सरकवला. "तीन प्रती. फोटो हसरा हवा."

अर्जात रकाने होते : नाव, पत्ता, पक्ष (सध्याचा), पक्ष (संभाव्य), तत्त्वे (असल्यास). तपासनिसांनी तत्त्वं इतकी लिहिली की ती समासात गेली.

"समासात लिहायचं नाही," बाई म्हणाल्या. "समास आमच्या दुरुस्त्यांसाठी आहे."

बाकावर शेजारीच विरोधी उमेदवार, एक नामांकित वकील, तोच अर्ज भरत बसले होते. कालच्या सभेत त्यांनी तपासनिसांना 'विझलेला बॉयलर' म्हटलं होतं. आज मात्र त्यांनी मोठ्या मनाने आपलं पेन पुढे केलं. "तत्त्वांपुढे नुसती आडवी रेघ ओढा हो. मी दर वेळी तेच करतो. काम लवकर होतं."

कारखानदार खुर्चीतून उठून सामोरे आले. "तपासनीस साहेब! पूर्वी एकदा आला होतात आमच्याकडे. साधा चहा घेतला नाहीत."

"ड्यूटीवर होतो."

"आज नाही ना?"

चहा आला. कारखान्यात घेतलेला हा त्यांचा पहिला चहा. तो चांगला होता, हे त्यांनी मनातल्या मनात प्रामाणिकपणे कबूल केलं.

"माझा तपासणीला विरोध आहे, असं लोक उगाच म्हणतात," कारखानदार म्हणाले. "तपासणी हवीच. कडक हवी. छोट्या कारखान्यांना झेपणार नाही इतकी कडक हवी! मोठे बॉयलर तेवढे वगळा. मोठा बॉयलर मुळातच जबाबदार असतो. बाकी तुमचं वाक्य सुंदर आहे. फक्त हे 'सक्तीने'... लोकशाहीत सक्ती?"

मेहुण्याने 'सक्तीने' खोडलं.

"'दरवर्षी'मध्ये जरा घाई दिसते."

'दरवर्षी'चं 'नियमित' झालं.

"आणि 'तपासणी'त संशयाचा वास येतो हो. घरच्या माणसाची आपण तपासणी करतो का? विचारपूस करतो."

शब्द बदलेल तसं धनादेशावर एकेक शून्य वाढत गेलं. शून्याला किंमत नसते असं शाळेत शिकवतात. तपासनिसांना त्या दिवशी शाळेची कीव आली.

घरी बायकोने नवा जाहीरनामा मोठ्याने वाचला. "'छोट्या कारखान्यांची कडक तपासणी आणि मोठ्या बॉयलरची नियमित विचारपूस केली जाईल.' अहो, म्हणजे करायचं काय? जाऊन 'कसा आहेस बाबा' म्हणायचं?"

मेहुणा म्हणाला, "ताई, ही राजकारणाची भाषा आहे."

"तू गप रे." मग ती नवऱ्याकडे वळली. "ती तीन माणसं भाजली तेव्हा दवाखान्यात जाऊन विचारपूस तुम्हीच केली होती ना? घरी येऊन दोन दिवस जेवला नव्हतात. आता माणसांची राहू दे, बॉयलरचीच करा."

तपासनिसांनी धनादेश पाकिटात घातला. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच ते धनादेश घेऊन खिडकीशी उभे होते.

"परतीचा अर्ज नसतो," बाई गोंधळून म्हणाल्या. "असा प्रसंगच आलेला नाही."

प्रकरण वर गेलं. कारखानदार चिडतील असं वाटलं होतं. ते हरखून गेले. "वा! 'धनादेश परत करणारा उमेदवार!' चौकाचौकात फलक लावा. खर्च आम्ही करू."

तपासनिसांनी धनादेश टेबलावर ठेवला आणि ते चालू लागले. मेहुणा फलकांची मापं सांगायला मागे थांबला. पुढच्याच आठवड्यापासून तो वकीलसाहेबांचा प्रचार पाहू लागला. नातं मात्र तुटलं नाही. जेवायला तो बहिणीकडेच येई.

मग नवरा-बायको वर्गणीचा डबा घेऊन दारोदार फिरले. जाहीरनाम्यात पुन्हा जुनं वाक्य आलं होतं. कामगारांच्या वस्तीत एक म्हातारी म्हणाली, "उलटंच की रे हे! उमेदवार देतो, आपण घेतो." भाजलेल्या तिघांपैकी एकाने डाव्या हाताने नोट टाकली, उजव्या हाताची बोटं अजून वळत नव्हती. शेवटच्या दिवसापर्यंत डब्यात जेमतेम चार हजार पत्रकांचे पैसे जमले.

शेवटचं घर एका सुशिक्षित, सज्जन गृहस्थांचं होतं. त्यांनी दोघांना आत बसवलं, पाणी दिलं आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. समासाचा किस्सा तर त्यांनी पुन्हा सांगायला लावला. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "यावर कुणीतरी लिहायला हवं!" ते म्हणाले. "तुमच्यासारखी माणसं राजकारणात हवीत."

बायकोने डबा पुढे केला.

"अरेरे, आत्ता नेमके सुटे नाहीत." मतदानाबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बघतो. रांग फार असते हो. आणि शेवटी सगळे सारखेच."

वकीलसाहेब प्रचंड मतांनी निवडून आले. विचारपूस कायदा एकमताने संमत झाला. आता दर तीन वर्षांनी दोन अधिकारी मोठ्या बॉयलरपाशी जातात, 'कसं काय?' असं विचारतात आणि उत्तर न आल्यास 'तक्रार नाही' असा शेरा मारतात.

त्या सज्जन गृहस्थांनी ही बातमी सकाळी चहाबरोबर वाचली आणि ते पुन्हा मनमुराद हसले. त्यांचं नाव इथे देत नाही. इतका वेळ तुम्ही त्यांच्याच सोबत हसत होतात. उगाच ओळख कशाला करून द्यायची?