नुसते दगड

शनिवारी सकाळी लकी बेल गावावर फूटभर भुसभुशीत बर्फ साचला होता, आणि डोंगराच्या पायथ्याशी आपल्या पास्टीच्या, म्हणजे खिमा-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांच्या, दुकानात टिल्डा सासूबाई वर्नाच्या कडेवर नऊ महिन्यांची ओपल देऊन घाईघाईने स्कीचे बूट चढवत होती.

"बरोबर दोन तास," वर्ना म्हणाली. "बाराला ही भोकाड पसरेल, आणि माझ्याकडे दूध नाही."

टिल्डा दोन वर्षांत डोंगरावर गेली नव्हती. आधी पोट, मग बाळ, मग बाळाचा कान. कान ठणकला की खिंड ओलांडून सत्तर मैल जायचं, कारण गावात डॉक्टरच नव्हता. सोमवारी एक डॉक्टरबाई गाव बघायला येणार होत्या. त्या इथेच कायमच्या राहू देत, एवढंच टिल्डा रोज देवाला सांगत होती.

तेवढ्यात झिजलेल्या लाल कोटातली एक पाहुणी खिडकीशी आली. "मागच्या झाडीत कसाय हो बर्फ?"

ताज्या बर्फाबद्दल पाहुण्यांना खरं सांगायचं नाही, हा गावाचा जुना रिवाज. इथे गर्दी नसते, पण ते काही आपोआप होत नाही.

"मागे? नुसते दगड!" टिल्डाच्या तोंडून निघूनच गेलं. "वाऱ्याने पार खरवडून नेलंय सगळं. त्यापेक्षा गावातला जुना तुरुंग बघा. फार छान आहे."

"तुरुंग छान आहे?"

"उबदार आहे," वर्नाने साथ दिली.

पाहुणी हसली. ओपलच्या गालाला बोट लावून म्हणाली, "कान ओढतेस होय? दुखतो का गं?" आणि गावाच्या वाटेला लागली.

टिल्डाला कुठेतरी टोचलं. पण समोर डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टची रिकामी खुर्ची आली होती.

झाडीत बर्फ मांडीपर्यंत होता. पहिल्या वळणाला टिल्डा हसली, दुसऱ्याला आनंदाने किंचाळली आणि तिसऱ्याला एक बुंधा चुकवताना तोंडावर आपटली. डावी स्की पायातून सुटून बर्फात गडप झाली. ती हातांनी उकरत राहिली. अकरा वाजले, साडेअकरा झाले. दूध दाटून आलं, कोटाखालचा सदरा भिजला. खाली लेक रडत असणार. टिल्डा बर्फात बसली आणि स्वतःच रडायला लागली.

झाडांतून लाल कोट आला.

"काय शोधताय? दगड?"

स्कीपाठोपाठ आपणही बर्फात गडप व्हावं, असं टिल्डाला वाटलं. "तुम्ही... तुरुंगात..."

"बाहेरूनच पाहिला. तिथल्या बाईही म्हणाल्या, दगड. तिकीटवाला म्हणाला, दगड. लिफ्टवरच्या आजोबांनी तर दगड केवढे तेही हात पसरून दाखवलं." बोलता बोलता तिने टिल्डाच्या मागे चढाच्या बाजूला बर्फात काठीने आडव्या रेघा ओढल्या. "मी असल्याच गावात वाढलेय हो. सगळं गाव एकच थाप मारतंय, म्हणजे बर्फ उत्तम." दुसऱ्याच रेघेला खट्ट झालं. "माणूस पुढे घरंगळतो, स्की मागे राहते. उठा, बाळ भुकेलं असेल. आणि तो कान मला बघू द्या. मी मेरिट. सोमवारी येणार होते ना, ती डॉक्टर."

खाली ओपलचा टाहो वाटेपर्यंत ऐकू येत होता. "काय बाई, कसा वाटला तुरुंग?" वर्नाने तोंडभर हसून विचारलं.

"वर्ना," टिल्डा पुटपुटली, "ह्या आपल्या डॉक्टरबाई."

वर्नाने एप्रन उचलून तोंडावर घेतला.

सोमवारी स्वागताला सगळं गाव जमलं, पण एकाचीही मान वर होईना. प्रत्येकाने दगडच सांगितले होते. डॉक्टरबाईंनी दोन पास्ट्या संपवल्या आणि "कळवते" म्हणून निघून गेल्या. टिल्डा रोज टपालाची वाट बघे आणि रात्री ओपलचा कान शेकताना तिला मनातल्या मनात म्हणे, तुझी डॉक्टर तुझ्या आईनेच घालवली गं.

पत्र आलंच नाही. एप्रिलमध्ये डॉक्टरबाईच आल्या, सामानसुमान घेऊन. टिल्डाने तेव्हाही दार उघडून नुसती पास्टीच पुढे केली. माफीचे शब्द काही जमले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यातल्या पहिल्या मोठ्या बर्फाच्या सकाळी ती ओपलला दवाखान्यात घेऊन गेली.

"कान अगदी छान," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज मात्र उबेत ठेवा हिला. तुम्हीही घरीच बसा."

टिल्डाने भीत भीत विचारलं, "मागच्या झाडीत कसंय हो आज?"

"मागे?" डॉक्टरबाई कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या. "नुसते दगड."

टिल्डाने ओशाळून मान खाली घातली, आणि तिला टेबलाखाली डॉक्टरबाईंचे पाय दिसले. दोन्ही पायांत स्कीचे बूट होते, पट्टे आवळून तयार.